मैदानातला मध्य प्रदेश

लग्नानंतर वर्षभरातच मी बरखेड्याच्या प्राथमिक शाळेत शिकवायला लागले. माहेर भंडाऱ्याचं, भूगोल घेऊन बी.ए. नागपूरला झालेलं, पाठोपाठ बी.एड.ही. हे भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनियर होते आणि आम्हाला बरखेड्यात क्वार्टर मिळालं होतं. कारखान्याची वसाहत हा एक वेगळाच मुलूख होता. शेजारी बंगाली, पलीकडे पंजाबी, मागच्या ओळीत आंध्रातले आणि बिहारचे. संध्याकाळी आठ प्रांतांच्या फोडण्या एकाच गल्लीत उठायच्या. सगळ्यांना जोडणारी भाषा एकच, हिंदी, आणि ती प्रत्येकाची वेगळी.

माझी हिंदी मराठीच्या अंगाने जायची. पहिल्याच दिवशी मी वर्गाला म्हटलं, "सब लोग अपनी अपनी वही निकालो." मुलं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी पुढच्या बाकावरचा एक मुलगा अदबीने म्हणाला, "कौन सी वही, मैडम? वही तो पूछ रहे हैं." वर्ग हसला, मीही हसले, आणि 'कॉपी' हा शब्द त्या दिवशी कायमचा माझ्या हिंदीत आला.

मला चौथी 'स' दिली होती. तिकडे तुकड्या अ, ब, स अशा असतात, म्हणजे आपली 'क' तुकडी. वर्षाच्या मध्येच बदली होऊन आलेल्या, हिंदी कच्ची असलेल्या, दुसऱ्या कुठल्या तुकडीत न मावलेल्या मुलांचा तो वर्ग. स्टाफरूममध्ये त्याचा विषय निघाला की सगळ्या जणी माझ्याकडे सहानुभूतीने बघायच्या.

ऑगस्टात वर्गात एक नवी मुलगी आली. केरळातली. वडील नुकतेच कारखान्यात टेक्निशियन म्हणून लागले होते. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, मोठे डोळे, आणि हिंदीचा एक शब्द येत नव्हता. हजेरी घेताना स्वतःचं नाव ऐकलं की उभी राहायची, तेवढंच. आठवडाही झाला नसेल, एके दुपारी शाळा सुटल्यावर तिची आई धापा टाकत स्टाफरूमच्या दारात आली. तिलाही हिंदी येत नव्हती. "मोळ, मोळ," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मोळ म्हणजे मुलगी, हे तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. मुलगी घरी पोचली नव्हती.

आम्ही दोघी निघालो. बरखेड्यातली क्वार्टरं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना सांगायला हवं, की तिथे हरवणं फार सोपं होतं. एकसारख्या पिवळ्या भिंती, एकसारखी हिरवी दारं, प्रत्येक दारापुढे मेंदीचं कुंपण. सुरुवातीला मीही दोनदा दुसऱ्याच्याच दाराला किल्ली लावून बघितली होती. आम्ही एकेक गल्ली पालथी घातली. बऱ्याच वेळाने एका कुंपणाआड मला दोन वेण्या दिसल्या. तिथल्या बंगाली बाईंनी तिला व्हरांड्यात बसवून पुढे मुरमुऱ्यांची वाटी ठेवली होती. मुलगी रडत नव्हती. ती टक लावून त्या घराकडे बघत होती. घर अगदी तिच्या घरासारखंच होतं, फक्त आत तिची माणसं नव्हती. आईला बघितल्यावर मात्र तिचा बांध फुटला.

घरी आल्यावर मी यांना सगळं सांगितलं.

"कोपऱ्यावर चुकली असेल," हे म्हणाले. "एक वळण आधी घेतलं की संपलं. गल्ल्या सगळ्या सारख्याच."

"अहो, पण मी भूगोल शिकवते त्या वर्गाला," मी म्हटलं. "माझ्या वर्गातल्या मुलीला शाळेतून घरी जाता येत नाही, आणि फळ्यावर मी पठारं लिहून देतेय."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि पुस्तक उघडलंच नाही. "उत्तर दिशा कुठे आहे, दाखवा," असं विचारलं. सगळे हात एकदम वर गेले. सरळ छताकडे. भिंतीवरच्या नकाशात उत्तर वरच्या बाजूला असते, हे त्यांना पाठ होतं. "और दक्षिण?" सगळी बोटं जमिनीकडे वळली. नव्या मुलीने शब्द न कळताही इतरांचं बघून बोट खाली केलं.

मी स्टुलावर चढले, खिळ्यावरून नकाशा काढला आणि मुलांना घेऊन व्हरांड्यात आले. सूर्य नुकता शाळेच्या फाटकावर आला होता. मी नकाशा फरशीवर पसरला, पूर्वेची बाजू सूर्याकडे केली आणि म्हटलं, "अब देखो, उत्तर किधर है." मुलं नकाशाभोवती गोल उभी राहिली. एकाने वाकून नकाशाची वरची कड बघितली, मान उचलली आणि समोर बोट केलं. "पानी की टंकी की तरफ!" छतात असलेली उत्तर दिशा त्या क्षणी जमिनीवर उतरली आणि पाण्याच्या टाकीकडे जाऊन उभी राहिली.

त्यानंतर महिनाभर आम्ही आमच्या सेक्टरचा नकाशा केला. आधी वर्गाच्या फरशीवर खडूने, मग मोठ्या कागदावर. टाकी, शाळा, दवाखाना, दुधाचं बूथ, कारखान्याचं फाटक. प्रत्येकाने आपापलं घर त्यात बसवायचं. घर कसं ओळखायचं यावर जोरात वाद व्हायचे. "मेरे घर के सामने लाल स्कूटर है." "स्कूटर तो चली जाती है, पेड़ बता." नव्या मुलीला या सगळ्यासाठी भाषा लागत नव्हती. तिने आपली गल्ली काढली, वळणावर एक कडुनिंब काढला आणि त्याच्यापुढे आपलं घर. त्या दिवशी मी शाळा सुटल्यावर थोडं अंतर ठेवून तिच्या मागे गेले. कडुनिंबापाशी ती थांबली, वर बघितलं आणि ठामपणे वळली. पुन्हा ती कधी चुकली नाही.

दिवाळीनंतर शाळेत प्रदर्शनाची तयारी सुरू झाली. दर वर्षी हिवाळ्यात पालकांना आणि कारखान्यातल्या साहेबांना बोलावून हॉलमध्ये प्रदर्शन भरायचं. थर्माकोलचे ज्वालामुखी, रंगीत तक्ते, बल्ब पेटणाऱ्या पेट्या. हॉलमधली टेबलं वरच्या वर्गांना वाटली गेली आणि चौथी 'स' उरली. मी मुख्याध्यापिकांकडे गेले. त्यांना सगळे बडी मॅडम म्हणायचे. त्या सागरकडच्या होत्या, कडक इस्त्रीची सुती साडी नेसायच्या आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांतून नजर हलवत नसत.

"हॉल में जगह नहीं है," त्या म्हणाल्या.

"मला हॉल नको," मी म्हटलं. "पीछे का मैदान दे दीजिए. मुलं तिथे मातीचा मध्य प्रदेश करतील. डोंगर, पठारं, सगळं. वरून पाणी सोडलं की नद्या वाहतील."

त्यांनी मला जरा वेळ निरखलं. "बहेंगी?"

"बहेंगी."

"चौथी 'स' से?"

"जी."

"मैदान ले लीजिए," त्या म्हणाल्या. "लेकिन बाद में मुझे समतल चाहिए. और कपड़े गंदे हुए तो माताओं को जवाब आप देंगी."

छत्तीसगड तेव्हा मध्य प्रदेशातच होतं. एवढा मोठा प्रांत, देशाच्या बरोबर मधोमध, आणि त्याची गंमत अशी की तिथून नद्या चारही दिशांना जातात. चंबळ आणि बेतवा उत्तरेला, सोन ईशान्येला, महानदी पूर्वेला, नर्मदा आणि ताप्ती पश्चिमेला, वैनगंगा दक्षिणेला. हे पुस्तकात एका ओळीत होतं आणि मुलांनी ते पाठही केलं होतं. मला ते त्यांना डोळ्यांनी दाखवायचं होतं.

आम्ही चुन्याने हद्द आखली आणि कामाला लागलो. काळी माती, विटांचे तुकडे, घमेली. मुलांनी सातपुडा थापला, विंध्य थापला, माळव्याचं पठार फळीने सपाट केलं. सगळं मनासारखं झाल्यावर आम्ही अमरकंटकवर, म्हणजे नर्मदेच्या उगमावर, लोटाभर पाणी ओतलं. काळ्या मातीने ते जागच्या जागी पिऊन टाकलं. अजून एक लोटा ओतला, तोही गेला. तिसऱ्या लोट्याला अमरकंटकच खचला. मुलांची तोंडं उतरली.

रात्री मला माहेरचं अंगण आठवलं. दुसऱ्या दिवशी मी मुलांना पिवळी माती आणि शेण आणायला पाठवलं. साडीचा पदर खोचून त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि सारवायचं कसं ते दाखवलं. आधी काही मुलींनी नाकं मुरडली. पण वर्गातल्या एका पंजाबी मुलाने कोपरापर्यंत हात घातल्यावर कुणालाच मागे राहवेना. दोन थर दिले, वाळू दिले, भेगा पुन्हा बुजवल्या. चार दिवसांनी पुन्हा लोटा ओतला. या वेळी पाणी वाहिलं. अगदी झुळुझुळु, चमकत वाहिलं. पण नर्मदा उलटी फिरली आणि थेट पूर्वेला गेली.

कारण साधं होतं. मैदानाचा उतारच पूर्वेकडे होता, भिंतीलगतच्या गटाराच्या दिशेने. आमचा सगळा मध्य प्रदेश त्या उतारावर बसलेला होता. प्रदर्शनाला आठवडा राहिला होता.

स्टाफरूममधून एक शिक्षिका बघायला आल्या होत्या. त्यांनी हसत सोपा उपाय सांगितला. "नक्शा घुमा दो ना. पूरब को पश्चिम कर दो. पानी अपने आप ठीक बहेगा, किसको पता चलेगा?"

मी काही बोलायच्या आत मुलांमधून आवाज आला. "नहीं घूमेगा. उत्तर उधर है." पाण्याच्या टाकीकडे हात केलेली एक बिहारी मुलगी होती ती, एरवी वर्गात तोंड न उघडणारी. तिच्या मागून दुसरी उठली, तिसरा उठला. "सूरज इधर से निकलता है, मैडम. पूरब इधर ही रहेगा." सगळा वर्ग चिखलाच्या हातांनी दिशा दाखवत उभा होता आणि एकाचंही बोट चुकलेलं नव्हतं. त्या शिक्षिका हसायच्या थांबल्या. मला तिथेच जिंकल्यासारखं वाटलं. नर्मदा वाहो न वाहो, माझ्या मुलांना पूर्व कुठे आहे ते ठाऊक होतं आणि ती कुणाच्या सोयीसाठी हलवायला मुलं तयार नव्हती.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"अमरकंटक ऊँचा करेंगे," मुलं म्हणाली.

मग अख्खा पूर्व भाग उचलायचा ठरला. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर कुणीही घरी गेलं नाही. विटांचे तुकडे आले, बांधकामाचं राबिट आलं, फुटक्या कुंड्या आल्या. पालक न्यायला आले आणि तेही कामाला लागले. आमचे हे शिफ्ट संपवून सायकलवरून सरळ शाळेत आले. बूट काढून ठेवले आणि पाण्याच्या पातळीच्या नळीने उतार बघू लागले. "अगं, भरूचकडे अजून दोन बोटं खाली जाऊ दे," मला म्हणाले. अमरकंटक माझ्या कमरेइतका उंच झाला. संध्याकाळी पुन्हा सारवण झालं.

सोमवारी शाळा सुटल्यावर ते वाळायची वाट बघत असताना मुलांनी आपापसात नद्या वाटून घेतल्या. कुणी शिकवलं नव्हतं, खेळच सुरू झाला. बिहारी मुलगी म्हणाली, "सोन मेरी. यह पटना के पास गंगा में जाती है. मेरी नानी वहीं रहती है." ओडिशाच्या मुलाने महानदी घेतली. बंगाल्यांनी बेतवा घेतली, कारण बेतवा यमुनेला, यमुना गंगेला आणि गंगा त्यांच्या घरी. आंध्रातल्या दोघांनी वैनगंगेवर हक्क सांगितला, ती पुढे गोदावरीला मिळते म्हणून. तेव्हा मी म्हटलं, "थांबा, ती आधी माझ्या भंडाऱ्यावरून जाते, मग तुमच्याकडे येते." मुलांनी मला जरा विचार करून भागीदार करून घेतलं. पंजाबी मुलगा मात्र मांडी घालून निवांत बसला होता. "हमको क्या चाहिए? हमारे पास पाँच अपनी हैं."

केरळची मुलगी उभी होती. एव्हाना तिला बरीच हिंदी येत होती, पण बोलायची कमी. तिने नकाशाभोवती एक पूर्ण फेरी मारली. मग माझ्याकडे येऊन हळूच विचारलं, "मैडम, मेरे घर कौन सी नदी जाती है?"

खरं उत्तर होतं, एकही नाही. मला खोटं सजवून सांगायचं नव्हतं. "इथून कुठलीच जात नाही," मी तिला सांगितलं.

तिने मान हलवली आणि ती नर्मदेच्या टोकापाशी जाऊन बसली. तिथे आमचा मध्य प्रदेश संपत होता आणि पुढे नुसतं मैदान होतं. बराच वेळ ती त्या टोकाकडे बघत राहिली. मग उठून तिने एक काटकी घेतली. नर्मदा गुजरातमधून पुढे नेली आणि समुद्राची रेघ काढली. ती रेघ घेऊन ती दक्षिणेला निघाली. वाकून, काटकी ओढत, पेरूच्या झाडापलीकडे, झोपाळ्याच्या खांबांपलीकडे, फुलांच्या वाफ्यापर्यंत. तिथे पोचून तिने एक खडा ठेवला आणि ताठ उभी राहिली.

"यह मेरा घर," ती तिथून म्हणाली. तिचा एवढा मोठा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. "नर्मदा का पानी समुद्र में जाता है. मेरा घर उसी समुद्र पर है. समुद्र तो एक ही है."

मग सगळा वर्ग धावत सुटला. ज्याला त्याला काटकी हवी होती. कुणी त्या समुद्राला किनारा दिला, कुणी कन्याकुमारीवरून वळून पूर्व किनाऱ्याने वर आलं, कुणी महानदी ओढत नेऊन त्या रेघेला मिळवली. बिहारी मुलीने गंगा नेली. पंजाबी मुलगाही उठला आणि त्याने मागच्या भिंतीपाशी आपल्या पाच रेघा मारल्या. संध्याकाळपर्यंत मध्य प्रदेशाभोवती सगळा देश उभा राहिला. मी त्यात मधोमध उभी होते आणि मला काहीही करायचं उरलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. हॉल बघून झाल्यावर बडी मॅडम पाहुण्यांना घेऊन मैदानात आल्या. कारखान्यातले एक मोठे साहेब होते, त्यांच्या मागे पालक, वरच्या वर्गांची मुलं, स्टाफरूममधल्या सगळ्या जणी. प्रत्येक नदीच्या उगमाशी एकेक मूल लोटा घेऊन उभं होतं. सारवणाला सकाळीच एक बारीक भेग दिसली होती आणि ती मी थुंकी लावून बोटाने बुजवली होती.

मी हात खाली केला आणि सगळे लोटे एकदम कलले.

चंबळ उत्तरेला निघाली, बेतवा तिच्या शेजारून गेली. सोन वळसा घेऊन ईशान्येला धावली. महानदी पूर्वेला गेली, वैनगंगा सिवनीहून वळत वळत दक्षिणेला उतरली. नर्मदा मात्र अमरकंटकच्या पायथ्याशी एका खळग्यात साचली. पाणी चढत गेलं, काठापर्यंत आलं, तिथेच थांबलं. मग ते काठावरून ओघळलं, जबलपूरला पोचलं, विंध्य आणि सातपुड्याच्या मधल्या चरात शिरलं आणि होशंगाबादवरून सरळ, न थांबता, पश्चिमेला गेलं.

टाळ्या कुणी सुरू केल्या मला माहीत नाही. मुलं लोटे हवेत फेकत होती. मोठे साहेब चुन्याच्या रेघेपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी केरळच्या मुलीला विचारलं, "बेटा, यह पानी अब कहाँ जाएगा?" ती घाबरली नाही. त्यांचं बोट धरून तिने त्यांना उठवलं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने चालवत वाफ्यापर्यंत नेलं. वाटेत एकेक ठिकाण हिंदीत समजावून सांगत होती. तिची आई गर्दीत उभी होती. आता तिलाही थोडी हिंदी येत होती. आपली मुलगी एवढ्या माणसांपुढे बोलतेय हे बघून तिने पदर तोंडाला लावला होता, आणि पदराआडून ती हसत होती.

बडी मॅडम माझ्याजवळ आल्या. त्यांनी कडक इस्त्रीच्या साडीचे काठ उचलून धरले होते. "एक लोटा मुझे भी दीजिए," त्या म्हणाल्या. त्यांची बेतवा होती, सागरच्या बाजूने जाणारी. त्यांनी वाकून स्वतःच्या हाताने पाणी ओतलं आणि ते त्यांच्या गावाच्या दिशेने जाताना बघत राहिल्या. परत उभ्या राहिल्या तेव्हा काठाला चिखल लागला होता. त्यांनी तो झटकला नाही. "अगले साल भूगोल पूरे स्कूल का आप लेंगी," एवढंच म्हणाल्या. "और मैदान अभी रहने दीजिए."

प्रदर्शन संपलं, हॉलमधली टेबलं आवरली गेली, तरी आमच्या मैदानातली गर्दी हटेना. शिफ्ट सुटल्यावर फाटकातून सायकली आत यायला लागल्या. ज्याला त्याला आपलं गाव बघायचं होतं. कुणी गोरखपूर शोधत होतं, कुणी कटक, कुणी जालंधर. चौथी 'स'ची मुलं एकेकाचा हात धरून त्याला त्याच्या गावापर्यंत नेऊन उभं करत होती आणि तिथून बरखेडा कुठल्या दिशेला ते दाखवत होती. माझा आवाज पार बसला होता. हे फाटकाशी सायकल धरून माझी वाट बघत होते. पण मला निघायची घाई नव्हती. एक म्हातारे सरदारजी भिंतीपाशी आपल्या पाच रेघांसमोर उभे होते आणि आमचा पंजाबी मुलगा त्यांना एकेक रेघ ओळखून दाखवत होता. मी त्या दोघांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि ऐकू लागले.